सात पत्र्याची दारं आणि एक पाळणा

“निरुपमा, एक वेळ उकळत्या दुधात हात घाल, पण त्या दोघांच्या रेकॉर्डच्या मध्ये पडू नकोस!”

कुसुमावतीबाईंनी सुनेला अगदी स्वच्छ शब्दांत बजावलं होतं. निरुपमाने तो इशारा पोळपाटावरच्या पिठासारखा झटकून टाकला.

“आई, तुम्ही बघाच! येत्या रविवारी मी तो वाद कायमचा मिटवते. वाद मिटला की बैठक मिटली, आणि बैठक मिटली की हेरंबचा पाळणा हॉलमध्ये!”

कुसुमावतीबाईंनी फक्त कुकरला शिटी लावली. पण ती अशी लावली, की शहाणी सून असती तर तिथेच सावध झाली असती!

आता हा वाद कसला ते सांगायला हवं. निरुपमाचे सासरे उदयसिंहराव. पूर्वज गायकवाडांच्या फौजेत, स्वतः नंदेसरीच्या एका कारखान्यात दुरुस्ती खात्यात. तिथे यंत्रं बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरने मायदेशी परतताना त्यांना एक रेकॉर्ड भेट दिली होती. ‘सेव्हन टिन डोअर्स’! रॉक संगीतातली म्हणे अजरामर कृती. थोर रेकॉर्डांची कुठलीही यादी काढा, ही पहिल्या पाचांत असायचीच. कव्हरवर डोंगरात उभी असलेली सात पत्र्याची दारं. कुसुमावतीबाई तिला नुसतं ‘पत्र्याची दारं’ म्हणत, तेही कपाळाला आठी घालून.

आणि दर रविवारी सकाळी समा भागातून रिक्षा करून दत्तात्रेयकाका दांडिया बाजारातल्या या घरी येत. निवृत्त संस्कृत शिक्षक, मुलगा कॅनडात, घरात एकटे. हातात हिरव्या चिवड्याची पुडी आणि तोंडात वाद.

“केम छो सरदार! लावा तुमचा तो बोभाटा!”

“बोभाटा? मास्तर, पन्नास वर्षं जग ऐकतंय ही रेकॉर्ड. ते सगळे काय बहिरे?”

“पन्नास वर्षं जग दुधीचा रसही पितंय! म्हणून तो अमृत झाला का? एकाने थोर म्हटलं म्हणून दुसऱ्याने म्हटलं. तिसऱ्याला नाही म्हणायची लाज वाटली. झाली अजरामर!”

“त्या गायकाचा खर्ज ऐका! काय ठहराव! इंग्रजीत असं विलंबित कुणी गायलंय? एकेका शब्दावर कसा मुक्काम करतो!”

“मुक्काम कसला, ठाण मांडतो! म्हशीने रस्ता ओलांडावा तितका वेळ एका ओळीला! आणि मध्ये तो वारा किती वेळ घोंगावतो हो? गाणं आहे की हवामान खातं?”

असं जेवणापर्यंत चालायचं. वर्षानुवर्षं! दोघांपैकी कुणीही तसूभर हललेलं नव्हतं.

निरुपमाला एरवी त्याचं काही वाटलं नसतं. पण आठ महिन्यांचा हेरंब झोपत नव्हता! बडोद्याचा उन्हाळा, आतली खोली तापलेल्या तव्यासारखी, आणि वाऱ्याची एकुलती एक झुळूक यायची ती हॉलच्या खिडकीतून. त्या खिडकीखाली पाळण्याऐवजी तो रेकॉर्ड प्लेअर बसला होता, कुलदैवतासारखा! निरुपमा बालविकास विषय घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली. बाळाला किती झोप लागते, किती आवाज सोसतो, सगळं तिला पाठ होतं. हेरंब मात्र त्यातलं काहीच वाचून आलेला नव्हता. रविवारी तर ती दर पाच मिनिटांनी पाळण्यात वाकायची. श्वास चालू आहे ना? दचकला तर नाही? नाकापुढे बोट, कपाळावर तळवा. की हेरंब जागा! की भोकाड!

“वाद कसा मिटवणार आहेस?” नवऱ्याने, वसंतने, घाबरत विचारलं.

“शास्त्रीय पद्धतीने! ते जुनं यंत्र खरखरतं. त्यामुळे काकांना ती वाईट वाटते आणि बाबांना तिची कीव येते. मी फोनवरून स्वच्छ आवृत्ती ऐकवणार. स्पीकर आणलाय मी अलकापुरीतून. मग दोघांनी एकदाच सांगायचं, थोर की नाही. विषय संपला!”

“मी रविवारी डबल शिफ्ट घेऊ का?” वसंत म्हणाला. आणि घेतलीसुद्धा!

रविवार उजाडला. दत्तात्रेयकाका चिवडा घेऊन हजर. निरुपमाने दोघांना खुर्च्यांवर बसवलं, स्पीकर मध्ये ठेवला आणि पदर खोचून जाहीर केलं, “बाबा, काका, आज निकाल! ही तुमचीच रेकॉर्ड, फक्त स्वच्छ. ऐका आणि मत द्या.”

तिने बटण दाबलं. आणि एक कोवळा, चपळ आवाज खारीसारखा तुरतुरत हॉलभर धावू लागला.

उदयसिंहराव हसले. “सूनबाई, चुकून दुसरंच लागलं.”

“नाही हो बाबा, हीच!”

“हा? हा तर नुकती मिसरूड फुटलेला पोरगा आहे! आमचा गायक म्हणजे भारदस्त माणूस. खाली विहिरीतून बोलल्यासारखा!”

“आणि इतक्या घाईत का आहे तो?” दत्तात्रेयकाकांनी चष्मा काढला. “गाडी सुटतेय का याची?”

“भेसळ आहे!” उदयसिंहरावांनी निर्णय दिला. “हल्ली फोनवर सगळं भेसळीचंच. थांब, तुला अस्सल दाखवतो.” त्यांनी रेकॉर्ड प्लेअर चालू केला, सुई टेकवली. निरुपमाही हट्टाला पेटलेली. तिने फोनवरचं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आता दोन्ही एकदम सुरू झाली! पहिला शब्द जेमतेम जुळला. दुसऱ्याला फोनवाला पोरगा पुढे निसटला. कडवं संपेपर्यंत तो वाऱ्यापर्यंत पोचला होता आणि यंत्रातले भारदस्त गृहस्थ अजून पहिल्याच दारात पायताण काढत होते! आत हेरंब किंचाळला. कुसुमावतीबाई कानात बोटं घालून बाहेर आल्या.

“बंद करा! दोन्ही बंद करा!”

दोन्ही बंद झाली. निरुपमाने कव्हर उचललं. त्यावर पहिल्या बाजूची वेळ छापलेली होती. “बाबा, आपली बाजू यापेक्षा जास्त वेळ चालते ना?”

“चालते की! चार मिनिटं जास्त,” उदयसिंहराव अभिमानाने म्हणाले. “जर्मन माणूस! हातचं राखून देत नाही.”

निरुपमाने रेकॉर्ड बाजूला ठेवून यंत्राची फिरती तबकडी अलगद उचलली. खाली मोटरीभोवती एक काळं, जाडसर, दमलेलं रबर सैल लोंबत होतं.

“हा बेल्ट कुठला?”

“यंत्र जुन्या बाजारातून घेतलं, तेव्हाच मूळचा तुटलेला होता. मग मी कारखान्यातल्या पंपाचं रबर कापून बसवलं,” उदयसिंहराव म्हणाले. “अजून एकदाही तुटलं नाही!” आणि बोलता बोलता त्यांचा आवाज, अगदी त्या गायकासारखा, खाली खाली गेला.

“घसरतंय ते, बाबा. रेकॉर्ड हळू फिरतेय. पहिल्यापासून.”

दोघे म्हातारे त्या रबरावर वाकले.

“म्हणजे इतकी वर्षं,” दत्तात्रेयकाका हळूच म्हणाले, “मी एका रबराला नावं ठेवत होतो?”

“आणि मी रबराची आरती करत होतो?”

“मला ठाऊक होतं,” कुसुमावतीबाई म्हणाल्या.

“आई! मग बोलला का नाहीत?”

“कशाला बोलू? हळू वाजली की हे चार मिनिटं जास्त बसतात. तेवढ्यात माझं वरण होतं.”

पण निरुपमा आता थांबणारी नव्हती. हातातोंडाशी आलेला निकाल सोडते की काय! तिने दोघांना पुन्हा खुर्च्यांवर बसवलं आणि दोन्ही बाजू, फोनवरून, अस्सल वेगाने, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकवल्या. खरं सांगायचं तर तिसऱ्या गाण्याला तिचाच पाय हलायला लागला होता. तिने तो दुसऱ्या पायाने दाबून धरला. परीक्षकाने असं करायचं नसतं!

“हं. आता मत द्या. थोर की नाही?”

उदयसिंहरावांनी छताकडे पाहिलं. “बरी आहे.”

दत्तात्रेयकाकांनी जमिनीकडे पाहिलं. “हो. बरी आहे.”

“नक्की?”

“अगदी थोर नाही,” उदयसिंहराव म्हणाले.

“पण अगदीच टाकाऊही नाही,” दत्तात्रेयकाका म्हणाले.

“बरोबर आहे तुमचं, मास्तर.”

“तुमचंही, सरदार.”

मंडळी, बडोद्याच्या इतिहासात या दोघांचं एकमत झाल्याचा हा पहिला प्रसंग! निरुपमाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दत्तात्रेयकाकांनी चहा घेतला, उन्हाळा फार आहे असं म्हणाले, उदयसिंहरावही फार आहे म्हणाले. मग कुणालाच काही सुचेना. काका उठले. चिवड्याची पुडी न सोडताच राहिली.

दुपारी उदयसिंहरावांनी स्वतः रेकॉर्ड प्लेअर उचलून माळ्यावर ठेवला. पाळणा खिडकीखाली आला. झुळूक आली. शांतता अशी, की भिंतीवरच्या पालीनेही चुकचुकू नये! निरुपमाने विजयी मुद्रेने हेरंबला झोपवलं.

हेरंबने डोळे उघडले. छताकडे पाहिलं. आणि असा टाहो फोडला, की खालच्या मजल्यावरच्या पटेलबेन “शुं थयुं? शुं थयुं?” करत जिना चढून आल्या!

सोमवारी तेच. मंगळवारी तेच. पुढच्या रविवारी दत्तात्रेयकाका आले नाहीत, आणि हेरंब तर झोपेचं नावच काढेना.

“पोटात दुखतंय का? कान फुटतोय का? डॉक्टर म्हणतात काहीही नाही!” निरुपमा रडकुंडीला आली. “निदान पूर्वी रविवारी तरी…”

“रविवारी तो झोपायचाच,” कुसुमावतीबाई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या. “इकडे हे दोघे भांडायला लागले की तिकडे तो डाराडूर. तूच जाऊन बोट लावून उठवायचीस.”

निरुपमाने स्वतःच्या त्या बोटाकडे पाहिलं.

पण ती हार मानणाऱ्यांतली नव्हे! तिने माळ्यावरून यंत्र काढलं, जुनं रबर तसंच ठेवलं, भारदस्त गृहस्थांना गायला लावलं. हेरंबने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग तिने टीव्हीवर बातम्यांतली चर्चा लावली. तो भेदरला. मग वसंतला समोर बसवून तिने स्वतःच भांडण काढलं.

“ही रेकॉर्ड म्हणजे नुसता गाजावाजा आहे!”

“अगं, असेल,” वसंत म्हणाला.

“असेल नाही! भांड ना!”

“कशावरून?”

हेरंब पाळण्यात उठून बसला आणि टाळ्या पिटू लागला.

शेवटी तिने थेट सासऱ्यांना डिवचलं. “बाबा, मला वाटतं त्या गायकाला गाताच येत नाही!”

उदयसिंहरावांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. या आठ दिवसांत ते जरा वाळल्यासारखे दिसत होते. “असेल, सूनबाई. तू शिकलेली आहेस.”

निरुपमाने धावत जाऊन दत्तात्रेयकाकांना फोन लावला. “काका, बाबा म्हणतात पहिली बाजू म्हणजे जगातली सर्वोत्तम! ऐकताय ना?”

पलीकडून एक बारीक आवाज: “म्हणू दे, बेटा. त्यांचं बरोबरच असेल.”

त्यानंतर त्यांनी फोनच उचललेला नाही.

तर वाचकहो, निरुपमाचं तुमच्यापाशी एक मागणं आहे. ती स्वतःच गेली असती, पण पाळण्याची दोरी तिच्या हातात आहे आणि ती सोडता येत नाही. तुमच्यापैकी कुणी समाच्या बाजूला जाणार असेल तर तेवढं दत्तात्रेयकाकांकडे डोकावून या. तळमजल्यावर राहतात. बेल दोनदा वाजवा. जेवले का बघा, रक्तदाबाची गोळी घेतली का विचारा. आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून अगदी सहज म्हणा, “उदयसिंहराव म्हणत होते, त्या रेकॉर्डच्या तोडीचं जगात काही झालं नाही.”

यावर “बरोबरच असेल” असं म्हणाले, तर कृपा करून जवळ बसा आणि आम्हाला लगेच कळवा.

पण “त्या सरदाराला काय कळतंय!” असं जर ओरडले, तर एक क्षण दवडू नका. त्यांना तसंच्या तसं रिक्षात घाला आणि दांडिया बाजारात पाठवून द्या. बोलणं मध्ये तोडू नका, वाटेतही नाही.

हेरंब अजून जागा आहे!