मिरचीची हवा

आमच्या शेजारचे मगदूम सर कुणाच्याही घरी गेले की आधी उदबत्ती लावत. बसा म्हटलं तरी बसत नसत. खिशातून उदबत्ती काढायची, पेटवायची, धूर कुठल्या अंगाला वळतो ते पाहायचं आणि मग खुर्ची निवडायची. नवीन माणसाला वाटे, केवढा हा भाविक! माझ्या आईनं तर पहिल्याच दिवशी त्यांना देवघर दाखवलं. सरांनी तिथंही धूर पाहिला आणि म्हणाले, "मावशी, देवाला वारं न्हाय की हो. गुदमारतोय त्यो." आईनं संध्याकाळच्या आत देव खिडकीजवळ हलवले.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आम्ही दोघं एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. मी गणित, ते उष्णतेचा विषय. एका विद्यार्थ्याच्या लग्नात त्यांनी धूर बघून नवरदेवाच्या आजोबांना तीनदा उठवलं. तिसऱ्यांदा आजोबा म्हणाले, "पावणं, मी हितंच मरतो, पर आता उठवू नगा."

"हवा खोटं बोलत न्हाय," सर म्हणाले आणि आजोबांसकट खुर्ची उचलायला दोन पोरं बोलावली.

त्यांची पीएच.डी. कॉलेजच्या गच्चीवर चालायची. माणसाहून उंच पत्र्याचं नरसाळं आणि त्याला जोडलेला मोठा पंखा. धुळीची हवा बाजूनं जोरात आत सोडली की ती गरगर फिरते, धूळ कडेला आपटून खाली पिशवीत पडते आणि स्वच्छ हवा वरून निघून जाते. एवढंच. पण सर धूळ म्हणून वापरत मिरचीची भुकटी. एकदा खालची पिशवी सुटली आणि प्राचार्यांसकट सगळं कॉलेज मैदानात येऊन शिंकायला लागलं. मला हसू आवरेना आणि शिंकही आवरेना.

त्यांचे गाईड वैतागले. म्हणाले, "अहो, काचेचे बारीक मणी घ्या. सगळे तेच घेतात, आकडे सरळ येतात."

"मण्यांनी कोण खोकतंय, सर?" मगदूम म्हणाले. विषय संपला. मला विचाराल तर पीएच.डी.सुद्धा तिथंच संपली.

मिरचीच का, हे मी शेवटी एकदा विचारलं. "आमच्या अक्काचं कांडप हाय, हातकणंगल्याजवळ," ते म्हणाले. दाजी गेल्यावर अक्कानं मिरची कांडायचं यंत्र घेतलं आणि त्याच्यावर या धाकट्या भावाला इंजिनिअर केलं. उन्हाळ्यात चटणीचा हंगाम आला की खोलीतली हवा लाल होते. अक्काची छाती त्या हवेनं धरली होती.

"मग बंद करायला सांगा की," मी म्हणालो. "तुम्हाला पगार आहे. आता तिनं कशाला राबायचं?"

सर उठून गेले. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघून जात. मला राग आला. चांगलं सांगितलं तर एवढं काय लागायचं, हे कळेना.

प्रयोग मात्र अडला होता. ताजी कांडलेली भुकटी गरम असते, म्हणून सर गच्चीवरही ती तापवूनच आत सोडत. तिचं तेल सुटतं आणि ती पत्र्याला चिकटून बसते. खाली काही पडतच नाही. सर जागोजागी थर्मामीटर लावून बसत. बरोबरचे लोक डॉक्टर झाले, त्यांच्या पुढे गेले. हे अजून पत्रा खरवडत होते. अखेर त्यांनी पाइप लांबवला, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं. हवा वाटेतच निवली आणि भुकटी सुटी होऊन पडायला लागली.

एका रविवारी आम्ही ते धूड टेम्पोत घालून गावी नेलं. अक्का म्हणजे काटकुळी बाई, तोंडावर पदर बांधलेला. पाट्या घेऊन बायका रांगेत बसलेल्या, सगळ्या खोकत होत्या. पंखा सुरू झाला. तासाभरात खोलीतला खोकला कमी झाला. मग समोरची भिंत चुन्याची आहे हे मला दिसलं. अक्कानं पदर सोडला, मोठा श्वास घेतला आणि खोकली. सर दचकले.

"जुना हाय त्यो," ती म्हणाली. "आता त्यो माज्याबरूबरच जाईल. ह्या बायास्नी तरी न्हाय लागायचा."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, डाक्टर म्हणला बंद कर. जावा म्हणल्या बंद कर. ह्ये माजं सोताचं हाय, कुनाला वाटलंच न्हाय. येतंय त्ये बंद कर म्हणतंय. ह्यो एकटाच कवा म्हणला न्हाय."

मी मान खाली घातली. सर आमच्याकडं पाठ करून पाइपवर गोणपाट गुंडाळत होते. गुंडाळायचे, सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे.

"थांबू नगंस, अक्का," ते तसेच म्हणाले. "पुढची पाटी वत."