कमान एक वीत वर

आबांनी ट्रकचं नाक चार बोटं वर उचलायचं ठरवलं, तेव्हा मी एका शब्दानंही विरोध केला नाही. (आमच्या घरातलं कोणी हे वाचलं तर हसेल, म्हणून खुलासा करते: मी त्या दिवशी घरी नव्हते. तासगावला मैत्रिणीकडे गेले होते.) संध्याकाळी परत आले तर अंगणात ट्रकची पुढची दोन्ही चाकं निखळून पडलेली, ट्रक विटांच्या चवडीवर उभा, आणि त्याच्या पोटाखालून माणसांच्या पायांचे दोन जोड बाहेर आलेले. एक जोड बादशहा मिस्त्रीचा. दुसरा माझ्या वडिलांचा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"ऑपरेशन," आबांचे पाय म्हणाले.

आमचे आबा म्हणजे सुभेदार हंबीरराव, निवृत्त. बाकीचे लोक फौजेतून घरी येताना काळी ट्रंक आणतात. आबांनी घरी आल्यावर दोन वर्षांनी लिलावात जाऊन फौजेचा जुना ट्रकच आणला. छोटा, हिरवा, बसक्या नाकाचा. त्याच्याशी ते हिंदीत बोलत आणि त्याला 'आप' म्हणत. आम्हाला कधी म्हणाले नाहीत.

आमचं हळदीचं रान ओढ्यापलीकडे. ओढा ओलांडताना ट्रकचं पोट पुढच्या बाजूनं एका दगडाला घासायचं. दगड काढा, असं मी सुचवलं होतं. पण त्या दगडाला आजोबांनी कधीतरी शेंदूर लावला होता. त्यामुळे तो देव झाला होता, आणि देवाला हलवत नाहीत. ट्रकला हलवतात.

चाकांवर लोखंडी पाट्यांची जी स्प्रिंग असते तिला आमच्याकडे कमान म्हणतात. बादशहानं पुढच्या दोन्ही कमानींत जादा पाटे घातले. नाक वर आलं. पण नाक वर येताच चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा आर्म आखूड पडला आणि चाकं आपोआप डावीकडे बघायला लागली. मग त्यानं आर्म काढला, भट्टीत लाल केला, ऐरणीवर वाकवला, मध्ये तुकडा जोडून लांब केला आणि परत बसवला. चाकं सरळ झाली. आता स्टिअरिंग वाकडं झालं.

"शालूताई, सरळ जायचं आसंल तर जरा उजवीकडं जायचं," बादशहानं मला समजावलं. "बाकी कायबी प्राब्लेम न्हाई."

(मी बी.एस्सी. झालेली आहे, तीही फिजिक्स घेऊन. हे वाक्य आमच्या पुस्तकात नव्हतं.)

"आणि डावीकडं जायचं असेल तर?"

"तर सरळ जायचं."

"आणि उजवीकडं?"

बादशहानं थोडा विचार केला. "सांगलीच्या रस्त्याला उजवीकडं तसं काय हायच न्हाई."

मला या सगळ्याची इतकी चौकशी करायचं कारण म्हणजे ट्रक मीच चालवणार होते. आबांचा गुडघा क्लच दाबायला नकार देत होता, आणि लायसन मी कॉलेजात असतानाच काढलं होतं. पण खरं कारण इस्लामपूरला होतं. तिकडच्या साखर कारखान्यात टाइमकीपर असलेला एक मुलगा नानासोकाकांनी माझ्यासाठी हेरला होता. नानासो म्हणजे माझे चुलते. गावचे सरपंच, आणि वजनानं गावात पहिले. मला हळदीचा धंदा बघायचा होता. काकांना मला पोह्यांची बशी घेऊन बघायचं होतं. बरंच भांडण झाल्यावर तह झाला.

"ट्रक स्वतः चालवत सांगलीला न्यायचा," काका म्हणाले, "आन् सौद्याला हळद येळंवर उतरायची. जमलं, तर इस्लामपूरकरांना मी सोता जाऊन न्हाई म्हणून सांगतो. न्हाई जमलं, तर रविवारी पाव्हणं येतील आन् तू गप साडी नेसून बसशील."

"जमलं म्हणून समजा," मी म्हणाले.

सौद्याच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रक भरला. पोती मागे रचली, वर ताडपत्री ताणली. मी ट्रक चालू केला, सरळ जाण्यासाठी उजवीकडे वळवला, आणि ऐटीत गावाच्या तोंडाशी आणला. तिथे कर्रर असा आवाज झाला आणि ट्रक थांबला.

गावाच्या तोंडाशी आजोबांच्या स्मरणार्थ काकांनी उभारलेली कमान आहे. दोन दगडी खांब, त्यांवर लोखंडी पट्ट्यांची अर्धगोल चौकट आणि पत्र्याची अक्षरं: 'कै. लालासाहेब स्मृती कमान'. आमच्या ताडपत्रीखालचा पहिला लोखंडी गज नेमका पहिल्या 'ला'वर बसला होता. ट्रक बसका होता तोवर तो आरामात खालून जायचा. आता तो अंगणात उंच झाला होता आणि अंगण कमानीच्या आत होतं.

"बापाला धडक दिलीस!" काका धावत आले.

"मी कुठं? तुमच्या बापानंच वाट अडवलीय!" (कॉलेजातली मराठी आणि कॉलेजातली सभ्यता, दोन्ही रागात माझ्याजवळ टिकत नाहीत.)

गज काढावेत, तर ते खडखडतात म्हणून आबांनी बादशहाकडून कायमचे वेल्ड करून घेतले होते. मी टायरमधली हवा सोडायला लावली. सगळेजण माझ्या शास्त्राकडे आदरानं बघत राहिले. ट्रक खाली आला, खाली आला, आणि दोन बोटं कमी असताना थांबला.

"काका, ही कमान वीतभर वर घ्या. तासाभराचं काम आहे."

"बापाची कमान पोरीच्या हट्टापायी हालवू?"

"मग ट्रक कसा जाणार?"

"त्यो तुज्या शास्त्राचा प्रश्न हाय," काका म्हणाले आणि मळ्याकडे निघून गेले. त्यांच्या चालीत रविवारच्या पाहुण्यांचा आनंद दिसत होता.

पण मी हरणारी नव्हे. काका मळ्यात आहेत तोवर काम उरकायचं आणि नंतर भांडायचं, असं ठरवलं. ट्रक मागे घेऊन अंगणात लावला. वेल्डिंगचं यंत्र बादशहाकडेच होतं. मला तासगावला जाऊन सांगलीच्या अडत्याला फोन करायचा होता. म्हणून मी आमच्या गड्याला, हरिबाला, बाजूला घेतलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगितलं, "बादशहाला बोलाव. म्हणावं, कमान एक वीत वर घे. आजच्या आज. आणि कुणाला काही बोलू नको."

हरिबानं मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांना हुकूम द्यायचा तर असा द्यावा, थोडक्यात आणि स्पष्ट, असं मला एस.टी.त बसल्यावर वाटलं.

संध्याकाळी उतरले तर लांबूनच कमान दिसली. वर गेलेली! खाली खांबांवर नवा ओला गिलावा. मी जवळजवळ पळतच घरी आले. अंगणात ट्रक उभा होता. त्याचं नाक मी सोडून गेले होते त्याहून वर होतं. चांगलंच वर. आभाळाकडे बघून भुंकणाऱ्या कुत्र्यासारखा दिसत होता.

"बादशहा, हे काय?"

"एक वीत, ताई! बोट इकडचं तिकडं न्हाई." बादशहा घामानं निथळत होता, पण खूष होता. "पाटं कमी पडलं तर मोडीतल्या एस.टी.चं आनून घातलं. आर्म पुन्यांदा तापवला, पुन्यांदा लांब केला. आता सरळ जायाला इस्टेरिंग निम्मं फिरवायचं."

"मी कमान वर घे म्हणाले होते!"

"मग? कमानच घेतली की."

मी हरिबाकडे वळले. "कुठली कमान ते नाही का सांगायचं?"

"तुमी कुठं सांगितलासा?"

"मग विचारायचं!"

"तुमाला?" हरिबा म्हणाला. "तुमाला कोन इचारनार, आक्का?"

"मग गावाची कमान कुणी उचलली?"

ती काकांनी उचलली होती. दुपारी जेवताना माझी आई त्यांना म्हणाली होती, "मामंजी जिते आसताना कुनाच्या वाटंत आलं न्हाईत. आता तुमी त्यास्नी कशाला आडवं उभं केलंय, भावजी?" काकांना भाकरी गोड लागेना. त्यांनी बिराप्पा गवंड्याला बोलावून चौकट वीतभर उचलून घेतली.

म्हणजे कमान एक वीत वर गेली होती आणि ट्रकही. आबा टेप घेऊन गेले आणि मोजून आले.

"हवा सोडली तरी दोन बोटं कमी," ते म्हणाले. "पहिल्याइतकंच. दोघांनी डिस्टन्स बरोबर ठेवलंय." त्यांच्या आवाजात, मला वाटतं, थोडा अभिमान होता.

पाटे परत काढायचे तर आर्मही परत आखूड करावा लागणार, त्याला दोन दिवस. चौकट आणखी उचलावी तर बिराप्पाचा गिलावा अजून ओला. सौदा दुसऱ्या दिवशी सकाळी. काका ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. "साडी कुठली नेसनार?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करताना मला फिजिक्स आठवलं. स्प्रिंगवर वजन टाकलं की ती दबते! पोती मागे होती. वजन पुढे, नाकावर हवं होतं. जिवंत वजन हवं, म्हणजे कमानीतून गेलं की आपापलं उतरेल. सकाळी गावात रिकामं वजन एकाच ठिकाणी मिळतं: पारावर. तिथली मंडळी मी कॉलेजात गेल्यापासून माझ्या शिक्षणावर टीका करत बसलेली होती, आणि मी जाता-येता त्यांना उत्तरं देत होते. तरी गेले.

"जोतिबातात्या, जरा मदत पाहिजे."

जोतिबातात्या पारावरचे सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी कानामागं हात धरला. "आमी काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

तात्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. "ते जमंल," ते म्हणाले.

बॉनेटवर, दोन्ही मडगार्डांवर, पायरीवर, जिथे धरायला काही होतं तिथे म्हातारी माणसं बसली. टायरमधली हवा परत सोडली. ट्रकनं मोठा सुस्कारा टाकला आणि नाक खाली घातलं. आबा कमानीखाली उभे राहून बघत होते.

"एक बोट. अर्धं बोट. बस्स... अजून केसभर."

गावात एकच वजन शिल्लक होतं. मी काकांकडे गेले.

"मी?" काका म्हणाले. "सरपंचानं बॉनेटवर बसायचं? तुज्या फायद्यासाठी?"

"नका बसू. मी तशीच घालते ट्रक. 'ला' तर कालच वाकलाय, आज 'साहेब' जातील."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आपल्या वडिलांच्या नावाकडे. मग टोपी नीट केली आणि जोतिबातात्यांना म्हणाले, "सरका."

ट्रक आणखी खाली बसला. मी स्टिअरिंग निम्मं उजवीकडे धरून, सरळ, आजोबांच्या नावाखालून बाहेर पडले. वर गज आणि पत्रा यांच्यामधून एक कागद गेला असता, तोही पातळ.

"उतरा आता," मी म्हणाले.

"उतरा कशाला?" जोतिबातात्या म्हणाले. "बसलोयच तर सांगलीला जाऊ की. गणपतीचं दर्शन हुईल. काय रं?"

सगळ्यांचं दर्शन राहिलेलंच निघालं. हवा भरून होईपर्यंत मंडळी मागे पोत्यांवर जाऊन बसली, त्यामुळे नाक पूर्वीपेक्षाही वर गेलं आणि मला काचेतून फक्त आभाळ दिसायला लागलं. मी सीटवर बसायला खाली दोन वाकळा आणि एक रिकामं पोतं घडी करून घेतलं. तरीही रस्त्याचं जवळचं टोक दिसेना, म्हणून काकांना शेजारी बसवलं. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"म्हस!... आता गेली म्हस... खड्डा! डावीकडं घी!"

"डावीकडं म्हणजे सरळ का, काका?"

"मला काय म्हाईत! तू शिकलीयास न्हवं?"

पोहोचलो. वेळेवर. बाजारात ताडपत्री सोडली तर आतून एकेक म्हातारा उतरला. धोतर पिवळं, पटका पिवळा, मिशा पिवळ्या. आमच्याभोवती गर्दी जमली. एक हमाल पुढे आला.

"कुनाची हळद?"

"माझी," मी वरून सांगितलं.

"आरं वा! आन् लगीन कवा?"

मी काकांकडे बघितलं. काका रुमालानं चष्मा पुसत होते. चष्माही पिवळा होत होता. "न्हाई," ते हळूच म्हणाले. "लगीन न्हाई. नुसती हळद हाय."

हळद उतरली, सौदा झाला. परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "रविवारी जातो इस्लामपूरला आन् सांगतो त्यास्नी. आता मीच बॉनेटवर बसलोय म्हणल्यावर काय बोलनार?" मी जिंकले होते. घरी येईपर्यंत मी स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर एक लहानसं भाषण मनात तयार केलं. ते काकांनी तिकडे करावं अशी माझी इच्छा होती.

पण काका निघायच्या आतच, रविवारी सकाळी, मुलाचा मामा दारात. काकांनी त्यांना बसवलं. मी दाराआड उभी राहिले.

"शुक्रवारी मी सांगलीत हुतो," मामा म्हणाले. "मुलीला ट्रक चालवताना बगितलं. लय भारी चालिवती. पर राग मानू नका, आमाला ही सोयरीक जमायची न्हाई."

घाबरले, मी मनात म्हणाले. माझ्या तेजाला घाबरले. मी पदर खोचला, भाषणाचं पहिलं वाक्य आठवलं आणि दारातून पुढे आले. "का? बाईनं ट्रक चालवू नये?"

"तसं न्हाई," मामा माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले. "उंची लय हाय. ट्रकाच्या टपाला डोकं टेकलं हुतं तिचं. आमचा पोरगा पाच फूट चार इंच, जोडा शोभायचा न्हाई."

हरलेल्या काकांना हे अजिबात खपलं नाही. आमच्या घरातल्या मुलीत कुणी खोट काढतंय म्हणजे काय! ते ताडकन उठले.

"कोन उंच? आमची शालू? आवं, काय बोलताय! शाले, पाव्हण्याच्या म्होरं जरा उभी ऱ्हा बगू नीट."

"मी उभीच आहे, काका," मी म्हणाले.