शेषेराव टाइमकीपरांची ऑफ-सीझनची भरती

बीड जिल्ह्यातील तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या बास्केटबॉल संघातून श्री. बब्रुवान (बॉयलर विभाग) यांना वाढत्या पोटाच्या कारणास्तव तत्काळ मुक्त करण्यात आले असून, त्यांच्या जागी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर खाली उभे राहून ट्रकची काच वरपर्यंत पुसताना आढळलेले श्री. महादेव, उंची सहा फूट एक इंच (चपलेशिवाय), यांची नेमणूक करण्यात आली आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी. सही, शेषेराव, टाइमकीपर.

हसू नका. ही सूचना कारखान्याच्या फळ्यावर खरोखर लागली होती. तीही टँकरच्या वेळापत्रकाच्या बरोबर वर. बाया कळशा खाली ठेवून आधी ही वाचायच्या, मग पाण्याचं बघायच्या. "बब्रुवानला काढलं म्हनं!" "काढनार न्हाई तर काय, पळताना बॉल कंचा अन् पोट कंचं कळंना झालतं."

साखर कारखान्याचं वर्ष दोन तुकड्यांचं असतं. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झालं की सीझन. उन्हाच्या तोंडावर ऊस संपला की ऑफ-सीझन. त्या काळात फिटर लोक यंत्रं खोलून, पुसून, नवे भाग घालून ठेवतात. शेषेराव अण्णा संघ खोलून ठेवायचे.

आमच्या दुष्काळी माळावर बास्केटबॉल आला कुठून, हे सांगितलं पाहिजे. कारखान्याचे पहिले चेअरमन कृष्णाकाठी अभ्यासदौऱ्यावर गेले होते. तिथल्या एका कारखान्यात त्यांनी सिमेंटचं मैदान आणि दोन खांबांवरच्या कड्या पाहिल्या. परत आल्यावर त्यांनी गाळपाची क्षमता वाढवली नाही, पण तसंच मैदान मात्र बांधून घेतलं. खेळ कुणालाच येत नव्हता. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, ह्या खेळात घड्याळ लागतं म्हणे. सगळ्यांच्या माना शेषेरावांकडे वळल्या. झालं, ते मॅनेजर.

अण्णा स्वतः पाच फूट दोन इंच. अंगात खाकी बुशशर्ट, खिशात मोजपट्टी, गळ्यात शिट्टी आणि डाव्या मनगटावर चावीचं घड्याळ. कारखान्याच्या भोंग्याचं बटण त्यांच्याच हातात. अख्खा परिसर त्या भोंग्यावर उठायचा, जेवायचा आणि झोपायचा. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "उंची देव देतो, टायमिंग मी देतो. विषय बंद."

मी शेतकी खात्यात कारकून, आणि कॉलनीत त्यांचा शेजारी. शेजाराचा फायदा शून्य. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी एक मिनिट उशिरा पोचलो. अण्णांनी लेटमार्क मारला.

"अण्णा, काल तुम्हीच माझ्या पंगतीत जिलबी वाढलीत की हो!"

"लगीन कालचं हाय. भोंगा आजचा हाय."

कॉलनीत असा माणूस सापडायचा नाही, ज्याला अण्णांनी एका मिनिटाचीही सूट दिली. एसटीचा कंडक्टरसुद्धा कारखान्याच्या फाटकावर घंटी मारण्याआधी खिडकीतून विचारायचा, "अण्णा, झाली का येळ?" अण्णा घड्याळ बघून मान हलवायचे, तेव्हा गाडी हलायची.

सरावही भोंग्यावर. सकाळच्या भोंग्याला सुरू, आठच्या भोंग्याला बंद. बॉल हवेत असला तरी बंद. याचा व्हायचा तो परिणाम झालाच. शेजारच्या कारखान्यावर सामना होता, आम्ही चार गुणांनी पुढे होतो, आणि त्यांच्या कारखान्याचा पाळी बदलायचा भोंगा वाजला. आमच्या पाचही खेळाडूंनी बॉल खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि ते डबे घेऊन नळाकडे निघाले. समोरच्यांनी दोन मिनिटं चक्क मोकळ्या मैदानात टोपल्या भरल्या. आम्ही हरलो. मी चिडून अण्णांकडे पाहिलं, तर गड्याचा चेहरा फुललेला!

"बघितलं का? एक जण बी थांबला न्हाई. शिस्त म्हनत्यात याला!"

संघ "व्यावसायिक" आहे, असं अण्णा ठासून सांगायचे. "पगार घेतेत तवा खेळतेत." पगार वजनकाट्यावरच्या आणि गोदामातल्या कामाचा असायचा, हे ते सांगत नसत. खेळाडू सगळे हंगामी कामगार. ऊस संपला की अर्धे पांगायचे. म्हणून दर उन्हाळ्यात अण्णा मोजपट्टी घेऊन भरतीला निघायचे. घाटनांदूरच्या बाजारात बाभळीचा शेंडा हाताने वाकवून शेळीला घालणारा एक जण त्यांनी असाच उचलला. चौसाळ्याला एका लग्नात तर अंतरपाटाच्या वर नवरदेवाचं अख्खं तोंड दिसत होतं. मंगलाष्टकं चालू असताना अण्णा मागून जाऊन पट्टी लावून आले. नवरीचा मामा अंगावर धावून आला, "कावून मापं घेऊ लागले हो? शिंपी हाय का तुमी?"

"तुमचा जावई अर्धा इंच कमी पडतोय," अण्णा हळहळत म्हणाले. "बाकी स्थळ चांगलं हाय."

माणूस जोखायची त्यांची रीतही आमच्याच भागातली. आमच्याकडून दरसाल हजारो माणसं ऊस तोडायला जातात. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम टोळी अशीच मोजतो. अण्णा खेळाडू असेच मोजायचे. बब्रुवान जाड झाल्यावर पाव कोयता. महादेव पाऊण. एकदा शेजारच्या कारखान्याला त्यांनी दोन अर्धे कोयते देऊन एक पूर्ण कोयता घेतला, वर त्यांचा जुना गुणफलकही उपटून आणला.

आणि विष्णू? "इसनू म्हंजे दीड कोयता," असं म्हणताना अण्णांचा आवाज देवळात आल्यासारखा व्हायचा.

विष्णू ऊस तोडणाऱ्या घरातला. सहा फूट चार इंच. उसाची मोळी खालून ट्रकच्या टपावर भिरकावायचा, ते अण्णांनी पाहिलं. "मोळी फेकनाऱ्याला बॉल म्हंजे शेंगदाना," म्हणत त्यांनी त्याला टोळीतून सोडवला आणि गोदामात लावला. हंगामी माणसाला क्वार्टर मिळत नाही, म्हणून आपल्याच घरी ठेवला. अण्णांची बायको वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर सहा वर्षं भिंतीपलीकडून मला रोज संध्याकाळी एकच संवाद ऐकू यायचा.

"इसन्या, पिठल्याला नऊ मिन्टं लागली."

"अण्णा, चूल पेटंना."

"काल सात लागलती. उद्या सुदार."

विष्णूचं लग्न झालं, पण त्याची बायको सुमन त्या घरात दिसायची नाही. सासू-सासऱ्यांचा एक कोयता आणि तिचा अर्धा, अशी ती सहा-सहा महिने टोळीबरोबर परमुलखात. विष्णूही कधी बोलायचा नाही. मोळी टाकावी तसा बॉल टाकायचा आणि गप्प बसायचा.

मग तो दुष्काळ आला. लागोपाठचा तिसरा. शिवारात ऊस नावालाही नव्हता. गाळप होणार नाही हे उघड होतं. बॉयलर थंड, भोंगा बंद. अण्णा मात्र सकाळी फाटकापाशी उभे राहून शिट्टी फुंकायचे. कॉलनी त्या शिट्टीवर उठायची, उठून काय करायचं हे कुणालाच माहीत नसलं तरी. जनावरांची छावणी कारखान्याच्या आवारात लागली होती. चारा मातीत खराब होत होता, आणि अख्ख्या आवारात सिमेंटची कोरडी जागा एकच. संचालक मंडळाने अण्णांना निरोप धाडला की पोळ्यापर्यंत पाच खेळाडूंची यादी द्या. पाच भरले तर संघ राहील आणि मैदानही. नाही भरले तर मैदान चाऱ्याला.

अण्णांनी त्या उन्हाळ्यात जेवढी पायपीट केली, तेवढी कुणा पुढाऱ्यानेही केली नसेल. बब्रुवानला परत बोलावलं. ("दुष्काळात पोट उतरलंय त्याचं. देवाची करनी.") महादेवला ढाब्यावरून ओढून आणलं. दोन जण पुण्याकडच्या बांधकामावरून परत बोलावले. चार झाले. पाचवा विष्णू. अण्णा रोज पाच बोटं मोजायचे आणि मूठ घट्ट मिटायचे.

यादी द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी फाटकात एक जीप थांबली. कृष्णाकाठच्या त्याच कारखान्याचे क्रीडाधिकारी, पांढऱ्या सफारीत. त्यांना विष्णू हवा होता. मला शेतकी खात्यातून चहा घेऊन पाठवलं, म्हणून पुढचं सगळं मी कानाने ऐकलं.

"कायम नोकरी देतो आम्ही त्याला," सफारीवाले म्हणाले. "बदल्यात आमचे दोन खेळाडू घ्या. दोघंही सहा फुटी."

मी मनात हिशेब केला. एक जाऊन दोन आले तर अण्णांचे पाचाचे सहा होणार. संघ राहतो, मैदान राहतं, विष्णूचंही भलं. असा सौदा कोण सोडेल? मी बशीतला चहा प्यायला घेतला. कार्यक्रम संपला म्हणून.

अण्णा घड्याळाला चावी देत होते. बराच वेळ देत होते.

"साहेब," ते म्हणाले, "तुमचे दोन राहू द्या तुमच्यापाशीच."

"मग काय पाहिजे?"

"आमच्याकडं मानूस कोयत्यानं मोजतेत. एकटा इसनू म्हंजे अर्धा. अर्धा मानूस मी देत न्हाई. पुरा कोयता न्या. त्याची बायको बी. अन् त्या दोगान्ला क्वार्टर लिहून द्या."

"ती काय खेळणार आहे?" सफारीवाले हसले.

"न्हाई. ती काईच करनार न्हाई. तिनं तुमच्या उसाच्या फडात पाय ठेवायचा न्हाई, एवढंच लिहा."

"अहो, क्वार्टरची रांग आहे आमच्याकडे. ती द्यायची तर खेळाडू देता येणार नाहीत. मंडळ एकच काहीतरी मान्य करील."

"मग क्वार्टर," अण्णा म्हणाले. "विषय बंद."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. श्री. विष्णू (गोदाम विभाग) यांना मुक्त करण्यात आले आहे. त्यांच्या जागी. पुढे कोरं. माणसं कोऱ्या जागेकडे बघून निमूट कळशा उचलत होती. संध्याकाळी मैदानावर चाऱ्याची पहिली ट्रॉली रिकामी झाली. दोन बैल कडीखाली रवंथ करत बसले, आणि बब्रुवान त्यांना म्हणाला, "मारा बे, मोकळंच हाय."

पोळा झाल्यावर दोन दिवसांनी विष्णू निघाला. सकाळची आठची एसटी. आम्ही सात-आठ जण फाटकावर जमलो होतो. विष्णूने पत्र्याची पेटी शिडी न चढता खालूनच टपावर ठेवली. सुमन सवयीने बोचक्यात कोयता खोचून आली होती. अण्णांनी तो उपसून काढला.

"ह्यो हितं ऱ्हाऊ दे."

"अवो अण्णा, सरपन फोडाया लागतो की."

"तितं ग्यास हाय. मी इचारलंय."

विष्णू पाया पडायला वाकला. तो वाकला तेव्हा कुठे अण्णांच्या उंचीला आला. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "पिठलं सात मिन्टात," एवढंच म्हणाले. सुमन रडायला लागली. विष्णूला काही बोलायचं होतं, पण त्याला बोलायला नेहमीच वेळ लागायचा.

दोघं गाडीत चढली. कंडक्टरने खिडकीतून डोकं काढलं.

"अण्णा, झाली का येळ?"

अण्णांनी घड्याळ बघितलं. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मीही बघितलं. आठ वाजून वर अर्धं मिनिट झालं होतं. अण्णा घड्याळाकडे बघत राहिले, मान काही हलेना.

"अण्णा?"

कंडक्टरने आपल्याच मनगटावर नजर टाकली, खांदे उडवले आणि घंटी मारली. गाडी हलली. खिडकीतून विष्णूचा लांब हात बाहेर आला. आणि ज्या माणसाने अख्ख्या कारखान्यात कुणाला मिनिटाची सूट दिली नव्हती, तो हातात सुमनचा कोयता घेऊन एसटीच्या मागे धावत, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा ओरडला,

"थांबीव की बे! दोन मिन्टानं काय बिघडतंय!"