वळणावरचा धूर

एका जंगलात, बाळांनो, आगगाडी होती. जंगलात आगगाडी कुठून आली, असं विचारू नका. जंगलात समित्या कुठून येतात, हे तरी कुणी विचारतं का? आल्या की आल्या. तशीच गाडीही आली होती.

गाडीच्या इंजिनाचं नाव चंद्रकोर. ती वाफेवर चालायची. खाली झऱ्यापाशी एक स्टेशन, वर पठारावर दुसरं आणि मध्ये घाट. पठारावर गव्यांची वस्ती होती. उन्हाळ्यात तिथली तळी आटत. म्हणून कुणा शहाण्याने कधीकाळी रूळ टाकले आणि गाडीला पाण्याची मोठी टाकी जोडली. खालचं पाणी वर न्यायचं, एवढ्यासाठीच ती गाडी होती.

पुढे चंद्रकोर म्हातारी झाली. घाटातल्या मोठ्या वळणावर तिला धाप लागू लागली. धुरांड्यातून काळाकुट्ट धूर निघे, चाकं जागच्या जागी गरगरत आणि गाडी मागे घ्यावी लागे. मग गवे पायीच खाली येत, पोटभर पाणी पीत आणि घाट चढेपर्यंत पुन्हा तहानत.

याच जंगलात तुंगाबाई नावाची सायाळ राहायची. अंगावर काटे, बोलणंही तसंच. इंजिनं कशी बनतात याचा तिने दूरच्या जंगलात जाऊन अभ्यास केला होता आणि ही गोष्ट ती भेटेल त्याला सांगायची. तिने चंद्रकोर उघडली. कोळसा नीट जळावा म्हणून भट्टीत वरून हवा खेळवली. धुरांड्याखालची नळी बदलली. वाफ थंड पडू नये म्हणून बॉयलरला जाड वेष्टण घातलं.

"धूर म्हणजे काय?" ती सगळ्यांना सुनवायची. "न जळलेला कोळसा. पानात टाकलेलं अन्न. माझं इंजिन पान स्वच्छ करून उठतं."

आणि खरंच, चंद्रकोर वळण चढून गेली. धूर नाही, धाप नाही. टाकी काठोकाठ भरलेली. वस्तीतला थोरला बयाजी गवा, त्याने नळाला तोंड लावलं आणि तो रडला. एवढा अंगापिंडाचा गवा, पण सगळ्यांदेखत रडला.

"बाई," तो म्हणाला, "औंदा वासरं जगत्याल."

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तेवढ्यात जंगलाला कळलं की आपल्याकडे वारसा आहे.

वारसा म्हणजे काय, ते मलाही नीट ठाऊक नाही. पण तो सापडला की लगेच समिती नेमावी लागते, एवढं ठाऊक आहे. नीळकंठपंत मोर अध्यक्ष झाले. त्यांना इंजिनातलं काडीचं कळत नव्हतं, पण पिसारा फुलवला की ते कुणाच्या ध्यानात येत नसे. त्यांनी चंद्रकोरीला लाल-हिरवा रंग काढला, गाडीला मखमली खुर्च्यांचे डबे जोडले आणि परदेशी फ्लेमिंगोंना आमंत्रणं धाडली. पाण्याची टाकी शेवटी लावली, फोटोत येणार नाही अशी.

फ्लेमिंगो आले. गळ्यात कॅमेरे, एका पायावर उभे. गाडी सुटली, घाट चढली आणि फ्लेमिंगोंची तोंडं उतरली.

"धूर कुठाय?" एकाने विचारलं.

"यात गुपचूप वीज घातलीय," दुसरा म्हणाला. "आम्ही काय खुळे आहोत?"

नीळकंठपंतांनी लगेच समितीची बैठक बोलावली. तुंगाबाईला समोर उभं केलं.

"बाई, तुम्ही आमच्या इंजिनाचा आत्मा काढून घेतलात."

"मी कोळसा वाचवला," तुंगाबाई म्हणाली. "पाणीही निम्मंच लागतं आता. धूर म्हणजे सगळं वाया घालवणं."

"वाया घालवणं हाच तर वारसा आहे. उपयोगाच्या गोष्टी बघायला इतक्या लांबून कोण येतं?"

समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एक कासव तर झोपेतच डोलावत होतं.

तुंगाबाईचे काटे उभे राहिले. पंतांनी ते पाहिलं आणि आवाज मऊ केला. "असं करू. धूर फक्त वळणावर. तुम्ही एक कळ बसवा. ओढली की धूर, सोडली की तुमचं ते स्वच्छ इंजिन. आणि इंजिनाच्या कपाळावर पितळेची पाटी लावू. 'रचनाकार तुंगाबाई' अशी."

बाळांनो, काट्यांच्या आत सायाळ फार मऊ असते. तुंगाबाईने विचार केला, वळणापुरतंच तर आहे. तिने कळ बसवली. कळ ओढली की भट्टीची हवा बंद व्हायची आणि अर्धा कच्चा कोळसा धुरांड्यातून आभाळात जायचा.

आता या वारसा गाड्यांवर एक रीत असते. ऐकून ठेवा, मोठेपणी उपयोगी पडेल. वळण आलं की गाडी थांबवायची. पाहुण्यांनी खाली उतरून रुळांशेजारी रांगेत उभं राहायचं. मग रिकामी गाडी मागे न्यायची आणि धूर सोडत, शिट्टी फुंकत पुन्हा त्यांच्यासमोरून आणायची. पाहुणे फोटो काढतात आणि परत गाडीत बसतात. म्हणजे गाडीतून प्रवास करायला आलेले लोक गाडी जाताना बघतात.

पहिल्या खेपेला धूर झकास निघाला. पण एका फ्लेमिंगोचे डोळे मिटले होते.

"पुन्हा एकदा," पंत म्हणाले.

गाडी मागे गेली, पुढे आली. या वेळी ऊन चुकीच्या बाजूने होतं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मग कुणाच्या तरी फोटोत दुसऱ्याची मान आली. फ्लेमिंगोंच्या माना केवढ्या असतात, तुम्हाला माहीत आहेच. होता होता बॉयलरचं पाणी तळाला गेलं.

"आता थांबा," तुंगाबाई ओरडली. "बॉयलर फुटेल."

"मागे टाकी आहे ना भरलेली?" पंत म्हणाले. "त्यातलं घ्या."

"ते पठाराचं पाणी आहे."

"पठार कुठे पळून चाललंय?"

टाकीतलं पाणी बॉयलरमध्ये गेलं, बॉयलरमधून वाफ होऊन आभाळात गेलं आणि फोटो मात्र सुरेख आले. तोवर पाहुण्यांची जेवणाची वेळ झाली. गाडी वळणावरूनच खाली परतली. वरच्या स्टेशनवर बयाजी आणि त्याची वासरं रुळांकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग बयाजीने वस्ती गोळा केली आणि घाट उतरायला सुरुवात केली.

वळणाशी आले तेव्हा वासरांच्या जिभा बाहेर लोंबत होत्या. सगळ्यात धाकटं लंगडत होतं. समोर फ्लेमिंगो रांगेत उभे होते.

"गाडी वर का येत न्हाई, बाई?" बयाजीने तुंगाबाईला विचारलं. "मोडली का पुन्हा?"

"मोडली नाही," तुंगाबाई म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली. पण पितळेची पाटी त्याच सकाळी बसवली होती आणि उन्हात ती फार छान दिसत होती.

इतक्यात फ्लेमिंगोंचे कॅमेरे गव्यांकडे वळले. "हे अस्सल आहे," एक हळूच म्हणाला. "गाडीपेक्षाही अस्सल."

नीळकंठपंतांचा पिसारा आपोआप फुलला. "पाण्यासाठी पायपीट! अहो, ही तर रुळांच्याही आधीची परंपरा." त्यांनी तिथल्या तिथे ठराव केला. यापुढे टाकी वर न्यायची नाही. वर पाणी गेलं तर गवे खाली कशाला येतील, आणि वारसा कसा टिकेल?

पंतांनी वळणाच्या खालच्या अंगाला पाण्याची घमेली मांडली. बयाजी कळपाला घेऊन तिकडे निघाला. धाकट्या वासराने तोंड पुढे केलं.

"जरा थांबा, बयाजीराव," पंत अगदी आदराने म्हणाले. "एका पाहुण्याचे डोळे मिटले होते. तेवढं वळणापलीकडे जाऊन पुन्हा एकदा येता का? आणि ते लंगडणारं पुढे असू द्या."

बयाजीने घमेल्यांकडे पाहिलं. मग त्याने वासराला वळवलं आणि सगळा कळप घाट चढू लागला.

तर बाळांनो, यातून घ्यायचं तात्पर्य असं: तहान लागली म्हणून कुणी लगेच पाण्याला तोंड लावू नये. आधी सगळ्यांचे फोटो नीट आले का, ते विचारावं.