कानात की कानावर

रेवदंड्याच्या खालच्या आळीत राहणारे निवृत्त हेडक्लार्क शरच्चंद्र यांच्या मोबाईलमधून आवाज येणे बंद झाले. इकडचा आवाज तिकडे व्यवस्थित जात होता. तिकडचा मात्र इकडे येताना वाटेतच कुठेतरी रजेवर जात होता. उभी हयात सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला याचे नवल वाटायचे कारण नव्हते. पण वाटले, कारण तिकडचा आवाज अनुसूयाताईचा होता.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, हरिहरेश्वरला राहणारी. रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा. शरच्चंद्रांना आळीत सगळे भाऊ म्हणत आणि कचेरीत साहेब म्हणत; ‘शरू’ म्हणणारे माणूस जगात एकच उरले होते. “शरू, जेवलास का रे?” एवढे तिच्या तोंडून ऐकले की जेवणाला चव येई. आता नुसती खरखर येत होती. “ताई, ऐकू येत नाही गं!” असे भाऊ ओरडत. त्यावर ताई पलीकडून कळकळीने बराच वेळ काहीतरी सांगे, ते सगळे खरखरीत बुडे, आणि भाऊ अंदाजाने “बरं, बरं” म्हणून फोन ठेवत. मग ताटावर बसले तरी घास उतरत नसे.

तेव्हा नवा मोबाईल घ्यावा, आणि ताईचा शब्द न् शब्द पोचावा म्हणून जोडीला हेडफोनही घ्यावा, असे त्यांनी ठरवले. इथवर सारे ठीक होते. मग त्यांच्या हातून एक चूक झाली. सुट्टीसाठी खारघरहून आलेल्या मुलाला, सलिलला, त्यांनी ओटीवर बसून विचारले, “कोणता घेऊ रे?”

“बाबा, तुमचा वापर काय आहे?” सलिलने विचारले.

“ताईशी बोलणं.”

“ते झालंच हो. त्याशिवाय? गेम? व्हिडिओ एडिटिंग?”

“त्याशिवाय ताईचं ऐकणं.”

सलिलने उसासा टाकला. “असं घाईनं नसतं घ्यायचं. आधी रिव्ह्यू बघा. स्वतःच्या गरजा समजून घ्या. मग ठरवू.”

हे बोलणे शेजारच्या अंगणात रिक्षा धूत असलेल्या भागोजीने ऐकले, आणि प्रकरण भाऊंच्या हातून गेले.

खालच्या आळीचा रिवाज असा की, हळदीकुंकवाचे बोलावणे एका घरी गेले तर सगळ्या घरी गेले पाहिजे. वगळलेल्या घरचे माणूस पुढे मयताला येते, चहाला येत नाही. हाच नियम मत विचारण्यालाही लागू आहे. विहिरीची जागा असो की मुलीचे स्थळ असो, एका घराला विचारले की सर्वांना विचारायचे. आणि एकदा दिलेले मत कोणालाही परत करता येत नाही. भाऊंना हा रिवाज ठाऊक होता. पण घरच्या घरी विचारलेले यात मोडत नाही, अशी त्यांची समजूत होती, आणि ती चुकीची निघाली.

“पोराला इचारलंत, आमाला न्हाय,” भागोजी कुंपणाशी येऊन म्हणाला. “आमी काय कानाबिगर जल्मलो?”

“तसं नाही रे भागोजी. सांग ना, तुझं मत काय?”

“हेडफोन कानावर बसनारा पायजे. डोक्यावर पट्टा, दोनी बाजूला वाट्या. मानूस भारदस्त दिसतो. आन् बेस न्हाय तर कायपन न्हाय.”

बेस म्हणजे काय ते भाऊंनी विचारले नाही, कारण तेवढ्यात दारावर मासे विकणारी कमळ टोपली घेऊन येऊन ठेपली होती आणि तिला कोणी विचारले नसल्याचे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

“मोबाईल बोटान दाबून बघाचा,” ती म्हणाली. “मासली ताजी हाय का शिली, ती दाबल्यावच कलतं. आन् हेडफोन बारका, कानान घालाचा. पट्ट्याचा घेतला तं डोक्यावं टोपली कशी घेशील?”

“मी कुठं टोपली घेतो, कमळ?”

“घेतलीस तं?”

आळीच्या उत्सव मंडळाचे चिटणीस गुणाजी यांनी तर या मुद्द्याची गंभीर दखल घेतली. मते अशी उघड्यावर पडून राहणे बरे नव्हे, असे सांगून त्यांनी देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली आणि ‘मोबाईल व हेडफोन निवड समिती’ स्थापन केली. समितीच्या लगोलग दोन उपसमित्या झाल्या: कानातली आणि कानावरची. अहवाल येईपर्यंत भाऊंनी परस्पर काहीही ऐकू नये, असा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. भाऊंनीही टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांची सवय होती.

पुढे जे झाले ते रीतीप्रमाणेच झाले. कानावरचे आणि कानातले एकमेकांशी बोलेनासे झाले. भागोजी अलिबागला नेण्याआधी गिऱ्हाईकाचे मत विचारू लागला, आणि कानातल्यांना चौलच्या नाक्यावर उतरवून “पुढं कानातनं जावा” म्हणू लागला. कमळने सुरमई कानातल्यांसाठी राखून ठेवली आणि कानावरच्यांना ओले बोंबील दिले, तेही मोजके. एक ठरलेले लग्न मोडता मोडता वाचले, कारण मुलगा कानातला निघाला. अखेर त्याने एक कान मोकळा ठेवायचे कबूल केले.

अहवाल तयार झाला. गुणाजींनी तो सभामंडपात उभ्याने वाचला. वाचून होईपर्यंत त्यात शिफारस केलेला मोबाईल जुना झाला होता. सलिलने खारघरहून कळवले की नवे मॉडेल बाजारात आले आहे आणि त्यात पाठीमागे एक डोळा जास्त आहे. समितीला मुदतवाढ देण्यात आली.

शेवटी प्रश्न देवीकडे नेला. उजवे फूल पडले तर कानात, डावे पडले तर कानावर, असा कौल लावला. सगळी आळी श्वास रोखून उभी राहिली. एकही फूल हलले नाही. गुरवाने बराच वेळ वाट पाहिली आणि खाली बसत म्हटले, “देवीला आणखी पर्याय बघायचेत.” देवी आपल्यातलीच आहे हे कळून सर्वांना फार बरे वाटले.

दरम्यान, ज्याच्यासाठी हे चालले आहे त्यानेही अभ्यास करावा, असे समितीने भाऊंना सुचवले. सलिलने आपला जुना टॅब धाडला. भाऊ दिवसभर ओटीवर बसून रिव्ह्यू पाहू लागले, आणि त्या आवाजाने आळीची दुपारची झोप उडाली. तक्रारी आल्या. त्यावर उपाय म्हणून समितीने सलिलकडूनच बाहेरचा आवाज बंद करणारा एक भारी हेडफोन मागवून घेतला आणि कोणता हेडफोन घ्यावा हे ऐकण्यासाठी भाऊंच्या डोक्यावर चढवला. यात विसंगत काही आहे असे कोणाच्याही लक्षात आले नाही. भाऊंच्या तर नाहीच नाही.

कारण भाऊ रमले होते. त्यांना आता बेस म्हणजे काय ते कळत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बोटाने थांबवून सांगत, “मिड्स, म्हणजे मधले सूर, जरा बसलेले आहेत.” दिवेलागणीला फळीवरचा जुना मोबाईल थरथरू लागला की पहिले काही दिवस ते उठून “ताई, निवड चालू आहे गं!” असे ओरडून येत. पुढे उठायचे राहू लागले. जेवण मात्र चांगले जात होते, टॅबसमोर.

आणि एके सकाळी अनुसूयाताई स्वतःच निघाली. गुडघ्यांना तेल लावून, हातात काठी घेऊन, दिघीच्या जेट्टीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडून, मुरुडवरून एसटीने ती आली. नाक्यावरून भागोजीने तिला मत न विचारता रिक्षात घेतले, कारण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याची विचारायची छाती झाली नाही.

ती ओटीच्या पायरीशी उभी राहिली. भाऊ पाठमोरे बसले होते.

“शरू!” ताईने हाक मारली.

खणखणीत हाक होती. माडावरचा कावळा उडाला. समोरची दोन दारे उघडली. भाऊंच्या कानात मात्र त्याच क्षणी एक तरुण सांगत होता की, या हेडफोनमुळे नको असलेला एकही आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही. भाऊंनी समाधानाने मान डोलावली.

“शरू, अरे मी आलेय!”

पायरीवर सावली पडलेली भाऊंना दिसली. समितीचे कोणी असेल असे वाटून, मान न वळवता त्यांनी बोट वर केले. “मत नंतर,” ते म्हणाले.

ताईने काठी भिंतीला टेकवली आणि ती ओटीवर चढली. तिने फळीवरचा जुना मोबाईल घेतला. अंबाड्यातला आकडा काढला, मोबाईलच्या आवाजाच्या भोकांतून हळूहळू फिरवला आणि चिमूटभर तपकीर बाहेर काढली. भाऊंच्या सदऱ्याच्या खिशात तपकिरीची डबी आणि मोबाईल वर्षानुवर्षे शेजारी नांदत होते.

“रोज फोनवर हेच सांगत होते त्याला,” ती भागोजीला म्हणाली. “तपकीर अडकली असेल, आकड्यानं कोरून काढ. तर रोज आपलं बरं, बरं.”

मग तिने आपल्या फोनवरून भाऊंचा नंबर लावला. भागोजीने जुना मोबाईल कानाला लावला आणि दचकून लांब धरला. “आयला, बेस हाय!” तो म्हणाला.

गुणाजी धावत आले. त्यांनी मोबाईल उलटसुलट पाहिला, घसा साफ केला आणि ताईंचे आभार मानले. “परंतु ताई, जुना चालू झाला म्हणून नव्याची समिती बंद करण्याची तरतूद नाही,” ते अदबीने म्हणाले. “आपलं मत तेवढं सांगून ठेवा. कानात की कानावर?”

ताई क्षणभर भावाच्या पाठीकडे पाहत राहिली. इतक्या लांबून ती जी हाक द्यायला आली होती ती या दोहोंत बसत नव्हती. तिने साफ झालेला मोबाईल पुन्हा फळीवर ठेवला, काठी घेतली आणि पायरी उतरली. “जेवलाय का तेवढं बघा,” ती जाता जाता म्हणाली. भाऊंनी तेव्हा आवाज आणखी थोडा वाढवला होता.

समितीचे काम चालू आहे. कानात की कानावर, याबद्दल एव्हाना तुमचेही काही मत झाले असेल, तर ते अवश्य कळवा. खालच्या आळीत मत परत केले जात नाही. मात्र त्याआधी जरा मान वर करून बघा. मघाशी, देवीच्या कौलाची गंमत चालली होती तेव्हा, तुमच्या दाराशी कोणीतरी येऊन हाक मारून गेले. तुम्ही बोट वर केले होतेत.