बरणीतलं बोलणं

कृष्णकांत भोयर यांना आलेख शिकवणं म्हणजे काटोलच्या माणसाला संत्रं सोलायला शिकवणं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं आणि ते त्यांनी वर्गाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं. अख्खी नोकरी सांख्यिकीच्या सरकारी कार्यालयात गेलेली. कोष्टकं बघता बघता केस पांढरे झालेले. "मॅडम, मी शिकाले नाही आलो, नुसती नजर टाकाले आलो," असं त्यांनी अरुंधती मॅडमना बजावलं. मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "बसा ना काका. नजर बसूनही टाकता येते."

वर्ग धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा, दर रविवारी. नाव होतं 'माहितीचं चित्र'. आकड्यांचं कोष्टक समोर आलं की माणसं जांभया देतात, त्याच आकड्यांचं चित्र केलं की सावरून बसतात. ते चित्र करायचं कसं हे तिथे शिकवत. आणि तेही हाताने, दोरा-मणी-कात्री-कागद घेऊन. वर्गात सगळी कॉलेजातली पोरं. त्यांच्यामध्ये इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले कृष्णकांतराव पाहुणे परीक्षक वाटत, आणि त्यांना ते आवडतही असे.

वर्गात येण्याचं खरं कारण वेगळं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. रविवारी घर खायला उठायचं. गोपिकाबाई, म्हणजे त्यांची बायको, लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. सव्वा महिन्याने येते म्हणाल्या. सव्वा महिना झाला, तर बाळाचं पोट दुखायला लागलं. ते थांबलं, तर मिनलची, म्हणजे लेकीची, रजा संपली. दर वेळी त्या फोनवर विचारायच्या, "अजी, अजून थोडी राहू का? तुमचे हाल तर नाही होऊन राहिले?" आणि दर वेळी हे गृहस्थ छाती काढून सांगायचे, "राहा ना वं. मले काय धाड भरली? मस्त चालू आहे."

फोन ठेवला की ते मस्त चाललेलं घर इतकं गप्प व्हायचं, की फ्रिज गुरगुरला तरी त्यांना बरं वाटे. निदान कुणीतरी काहीतरी म्हणालं.

'ये' एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांच्या घराण्यात बायकोला असं कुणी सरळ म्हटलेलं नव्हतं. त्यांचे वडील आईला माहेराहून बोलावत, ते 'गाय व्याली आहे' असा निरोप धाडून. आई यायची. गाय बहुतेक वेळा व्यालेली नसायची. आई काही बोलायची नाही, पदर खोचून कामाला लागायची. कृष्णकांतरावांकडे मानेवाडा रोडवरच्या फ्लॅटमध्ये गायही नव्हती.

अशात अरुंधती मॅडमनी घरचा अभ्यास दिला. "आपल्या घरात एखादी गोष्ट अशी असते जी कमीजास्त होते, पण डोळ्यांना दिसत नाही. ती शोधा. घरातल्याच वस्तू घेऊन ती दाखवा. आणि बाजूला सूची लावा. कोणती वस्तू म्हणजे काय, किती म्हणजे किती. सूची नसलेलं चित्र म्हणजे पाटी नसलेली एसटी. उभी असते, पण कुठे जाते ते कळत नाही."

कृष्णकांतरावांनी सूचीचं तेवढं कानाआड केलं. जन्मभर कोष्टकांखाली टिपा लिहून ते कंटाळले होते. चित्र अस्सल असेल तर त्याला टीप लागत नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

घरी येऊन त्यांनी गोपिकाबाईंच्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या धुतल्या, पुसल्या आणि ओट्यावर ओळीने मांडल्या. एकेक बरणी म्हणजे एकेक आठवडा. आणि आत तुरीची डाळ. डाळ म्हणजे घरातलं बोलणं. पहिली बरणी गोपिकाबाई जाण्याआधीची, ती काठोकाठ. सकाळी दुधाच्या पातळपणावरून सुरू झालेलं बोलणं रात्री कुणाच्या तरी सुनेपर्यंत अखंड चालायचं. दुसरी बरणी त्या गेल्यानंतरची. तीही अर्ध्याच्या वर, कारण तेव्हा फोन लांब चालायचे. पुढे बाळ रडायला लागलं, फोन आखूड झाले, डाळ उतरत गेली. शेवटच्या बरणीत त्यांनी चिमूटभर दाणे सोडले. दूधवाल्याशी झालेलं तेवढं, आणि एकदा कुकरला 'हो बाबा, हो' म्हणाले होते तेवढं.

मग ते दोन पावलं मागे सरले आणि ओळ बघून त्यांना गलबलून आलं. नोकरीत त्यांनी किती उतरते आलेख काढले असतील. पाऊस उतरला, पीक उतरलं, पण एकाही आलेखापुढे असं झालं नव्हतं.

त्यांनी फोटो काढला, मॅडमना पाठवला. मग बराच वेळ मोबाइल हातात धरून बसले आणि गोपिकाबाईंनाही पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. ती शहाणी आहे, बघताच समजेल, आणि आपल्याला काही म्हणावं लागणार नाही. वडिलांची गाय, तशी आपली डाळ.

लगेच फोनच आला.

"अजी, डाळ संपली तर सांगाचं नाही का?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"नाही वं, ते तसं नाही..."

"मले दिसून राहिलं ना फोटोत. भरली बरणी होती, आता तळाले दाणे उरले. काय खाऊन राहिले तुम्ही? दुकानात जावाचाही कंटाळा? थांबा, बाबारावले सांगते."

"अवं, पण ऐक तर..."

मागे बाळाने सूर लावला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काटोलच्या बसने बाबाराव आले. हे गोपिकाबाईंचे धाकटे भाऊ. खांद्यावर डाळीचा कट्टा, म्हणजे छोटं पोतं, हातात संत्र्यांची पिशवी. पाणीही न पिता ते थेट ओट्याशी गेले, बरण्यांची ओळ पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"भाऊजी, असे हळूहळू उपाशी पडून राहिले, अन् आम्हाले पत्ता नाही? ताईचा तिकडं जीव लागून नाही राहिला."

"बाबाराव, ती डाळ नाही गा."

बाबारावांनी बरणीत हात घातला, दाणे तळहातावर घेऊन हुंगले. "डाळच आहे. आपल्याच वावरातली आहे. मी ओळखणार नाही काय?"

आता सांगून टाकायला हवं होतं. पण मेहुण्याला काय सांगणार, की तुमच्या बहिणीच्या बडबडीची मला इतकी आठवण येते, की मी ती बरण्यांत भरून ठेवली? कृष्णकांतरावांनी घसा साफ केला. बाबाराव कान टवकारून उभे राहिले.

"चहा घेता काय?" कृष्णकांतराव म्हणाले.

डाळ टाकून बाबाराव परत जातील असं त्यांना वाटलं होतं. पण भाऊजींच्या अंगावर मूठभर मांस चढल्याशिवाय हलायचं नाही, असं बाबारावांनी बहिणीला वचन दिलं होतं. त्यांनी पलंग बळकावला आणि तोंड उघडलं. संत्र्याची गळ, कपाशीवरची बोंडअळी, भावकीतली भांडणं, पुन्हा संत्र्याची गळ. शेजारच्या रंभाबाई विरजण मागायला आल्या, त्यांनाही बाबारावांनी ओट्यापर्यंत नेलं आणि बरण्या दाखवल्या. "हे पाहा. असा खंगत गेला माणूस."

रंभाबाईंचे डोळे भरून आले. त्या विरजण न घेताच गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ती बातमी बिल्डिंगच्या भजनी मंडळात गेली.

सकाळी कृष्णकांतराव पेपर आणायला खाली उतरले, तर पार्किंगमधल्या फळ्यावर मोठा तक्ता लागलेला. वर शीर्षक, 'भोयर भाऊंचे पोषण'. उभ्या रांगेत वार, आडव्या रांगेत फ्लॅट. हिरवा ठिपका म्हणजे वरण, लाल ठिपका म्हणजे भाजी, पिवळा म्हणजे दोन्ही. आणि खाली चौकटीत, ठळक अक्षरांत, सूची. कृष्णकांतराव तो तक्ता बराच वेळ बघत राहिले. लाजेने कान तापले होते, पण तक्त्यात चूक काढायला जागा नव्हती हे त्यांना मान्य करावंच लागलं.

त्यानंतर वरणाचा पूर आला. साधं वरण, फोडणीचं वरण, लसणाचं वरण, आंबट वरण. ज्यांना स्वयंपाक जमला नाही त्यांनी कच्ची डाळ पिशवीत घालून दारात ठेवली. रंभाबाई समोर बसून जेवायला लावत. "लाजू नका भाऊ. माणसाले भूक लागतेच." बाबाराव बाजूला बसून भाऊजींचे घास बघत आणि ताईला फोनवर खबर देत, "आज दोन वाट्या घेतल्या, रंग परतून राहिला." ते ऐकून गोपिकाबाई निश्चिंत झाल्या. आता तर त्यांना पुण्यातच आणखी राहायला काही हरकत उरली नाही. कृष्णकांतरावांच्या लक्षात ते आलं आणि त्यांनी वाटी बाजूला सरकवली.

रविवारी वर्गात मॅडमनी त्यांच्या बरण्यांचा फोटो पडद्यावर लावला. "हे काय आहे, ओळखा बरं."

"विहिरीची पातळी," एक पोरगा म्हणाला.

"डोक्यावरचे केस," दुसरा म्हणाला.

"काकांच्या घरी वरणच फार करतात वाटतं," एक मुलगी म्हणाली.

"काका, मला हे फार आवडलंय," मॅडम म्हणाल्या. "पण हे आहे काय?"

"डाळ," कृष्णकांतराव म्हणाले.

"ते दिसतंय. डाळ म्हणजे काय?"

"तुरीची."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, सूची नसली ना, की बघणारा आपल्या मनातलंच बघतो. त्याचा दोष नसतो. ज्याला दाखवायला तुम्ही हे केलंत, त्याला काय दिसलं?"

"तिले डाळच दिसली," कृष्णकांतराव बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते ऐकून चष्मा पुसायला लागले.

मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. दिवे लावता लावता एवढंच म्हणाल्या, "मग तिला सांगा ना काका."

घरी आले तेव्हा बाहेरच्या खोलीत बाबाराव रंभाबाईंना बोंडअळी समजावून सांगत होते. कृष्णकांतराव स्वयंपाकघरात गेले. या आठवड्याची बरणी भरायची राहिली होती. सरकारी माणूस; नोंद प्रामाणिक हवी. या आठवड्यात घरात जेवढं बोलणं झालं तेवढं गोपिकाबाई गेल्यापासून झालं नव्हतं. नियमाने बरणी वर शीग लावून भरायला हवी होती. त्यांनी कट्ट्यात हात घातला, ओंजळ भरली, बरणीपर्यंत नेली आणि तशीच परत ओतली. पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा ओतली. टाकवेना.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मापच चुकलं होतं. ते घरातलं बोलणं मोजत नव्हतेच. ते गोपिकाला मोजत होते.

त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

"गोपिका, तो फोटो होता ना."

"हो. पुरून राहिली ना डाळ?"

"पुरून राहिली. ती डाळ नव्हती वं. म्हणजे डाळच होती. पण ते बोलणं होतं, घरातलं. तू होती तव्हा बरणी भरून होती. मंग उतरत गेली. आता बाबाराव दिवसभर बोलून राहिले, सारी बिल्डिंग बोलून राहिली, तरी बरणीत एक दाणा टाकाले हात होत नाही. तुयाच बोलण्याची होती ती." ते थांबले. मग एका दमात म्हणाले, "मले तुयाबिगर करमत नाही."

एवढं बोलून त्यांना दरदरून घाम फुटला. पलीकडे गोपिकाबाईंनी नाक ओढलं.

"हे आधी काहून नाही सांगितलं? मी दर खेपेले विचारत होती, हाल होऊन राहिले का म्हणून. तुम्ही म्हणा, मस्त. मले वाटे, यांचं माझ्याबिगर बरंच चालून राहिलं. मग मीही राहत गेली."

"मंग आता येतं काय?"

"मी कशी येऊ? मिनलची ड्यूटी सुरू झाली. लेकराले कोण पाहील?"

घराण्यात कुणी बोललं नव्हतं ते बोलून झालं होतं, आणि त्याचा उपयोग शून्य. कृष्णकांतरावांना फार एकटं वाटलं.

"अन् मी म्हणते, तुम्ही काहून नाही येत?" गोपिकाबाई म्हणाल्या.

कृष्णकांतरावांची नोकरी संपलेली होती. पुण्याला रोज गाडी जाते हे त्यांना ठाऊक होतं. जावई प्रत्येक फोनवर 'या ना बाबा' म्हणत होता. सगळी माहिती हाताशी होती आणि जन्मभर माहितीच जुळवलेल्या या माणसाला ती एकदाही जुळवता आली नव्हती. बायकोला बोलावून आणायचं, एवढंच त्यांनी पाहिलेलं. बायको असेल तिथे आपण जायचं, हे कुणी केलेलंच त्यांनी पाहिलं नव्हतं.

"वाट पाहून पाहून थकली मी," गोपिकाबाई म्हणत होत्या. "मले वाटे, आज म्हणतील, उद्या म्हणतील येतो म्हणून. असं काय आहे तिकडं, की घर सोडवत नाही तुमच्यानं?"

कृष्णकांतरावांनी स्वयंपाकघरात नजर फिरवली. कोपऱ्यात बाबारावांचा कट्टा. त्याला टेकून शेजाऱ्यांच्या पिशव्या. ओट्यावर, टेबलावर, फ्रिजच्या डोक्यावर, जिकडे तिकडे वरणाचे डबे.

"डाळ आहे," ते म्हणाले.

"मंग घेऊन या. अन् गाडीत बसले की फोटो नका पाठवू," गोपिकाबाई म्हणाल्या, "तोंडानं सांगा."