एका सुईला एक घास

कोहकाटोल्यात पोचून सत्यशीलाला तास झाला होता. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, मांडवात तिचा स्टोव्ह फरफरत होता, पातेल्यात काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळत होत्या, लसीचा थंड डबा सावलीत ठेवला होता, आणि टोचून घ्यायला समोर एक कोंबडा सोडला तर कोणीही नव्हतं.

गावात माणसं नव्हती असं नाही. कुडाच्या फटीफटीतून डोळे दिसत होते. मध्येच एखादं लेकरू रडायला लागे आणि तो आवाज अर्ध्यातच दाबला जाई.

"लिहून टाकू का जी?" गुणवंतराव म्हणाले. ते आरोग्य सहायक होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. "'ग्रामस्थ जंगलात गेले होते.' मागच्या दोन्ही बारीले मी हेच लिहिलं. कोनी काही म्हनलं नाई."

"भाऊ, मागच्या उन्हाळ्यात गोवरानं इथली तीन लेकरं गेली. तेही लिहिलं होतं काय?"

गुणवंतरावांनी पेनाचं टोपण लावलं.

सत्यशीला पंचवीस वर्षांची होती. ब्रह्मपुरीजवळच्या एका धानाच्या गावातल्या मुखरू मास्तरांची ही मुलगी नर्स होऊन एटापल्लीच्या पुढच्या या जंगलात आली, त्याला सहा महिने झाले होते. एसटीने फाट्यावर सोडल्यावर सात किलोमीटर चालत, लसीचा डबा आळीपाळीने उचलत दोघं इथवर आले होते. वाटेत गुणवंतरावांनी सुकट-भाकर खाल्ली आणि आपल्या तीस वर्षांच्या नोकरीच्या गोष्टी सांगितल्या. "या जंगलात अशी खायची चीजच नाई, जे गुणवंतानं खाल्ली नाई," असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं. डब्यातला बर्फ दिवस मावळेपर्यंत टिकणार होता. त्यानंतर ती लस म्हणजे नुसतं पाणी.

"मी इथीच बसतो," सत्यशीला म्हणाली. "बर्फ हाये तोपर्यंत हलत नाई."

तेवढ्यात गावचा पोलीस पाटील लालसू एका म्हातारीला घेऊन आला. लालसूला मराठी येत होतं. म्हातारीचं नाव बुधरी. तिचा शब्द गावात चाले आणि तिच्या शब्दाशिवाय कोणतंही दार उघडत नसे. ती सरळ स्टोव्हपाशी आली, पातेल्यात वाकून पाहिलं, आणि लालसूला काहीतरी विचारलं.

"म्हनते, हे शिजले का?" लालसू म्हणाला.

"काय शिजलं?"

"सुया. म्हनते, बिचारे लोखंड खातेत. मंग आमच्या लेकरायच्या आंगात टोचतेत त्यात नवल नाई."

सत्यशीलाने घाईघाईने पातेलं उतरवलं. म्हातारीशी जरा ओळख वाढावी म्हणून तिने दुसऱ्या भांड्यात चहा टाकला, आणि पाहुणीचा मान म्हणून पिशवीतली दुधाची पावडर काढून तीन चमचे जास्तच घातली. इथेच सगळा घोटाळा झाला.

बुधरीने पेला हातात घेतला, वास घेतला, आणि पांढरट रंगाकडे बोट करून विचारलं. लालसू जरा संकोचला.

"त्यात दूध हाये का जी? आमी दूध पीत नाई. वासराचं असते ते. त्याच्या तोंडचं काढून आपन प्यायचं म्हनजे... शिसारीच येते."

"अरे देवा! राहू द्या मंग, बाईले म्हना..."

पण बुधरीने हात आडवा केला. कुडाआडून सगळं गाव आपल्याकडे पाहतं आहे हे तिला ठाऊक होतं. तिने डोळे मिटले, नाक धरलं आणि पेला एका दमात रिकामा केला. मग अंगभर शहारली, तीनदा थुंकली, लुगड्याच्या पदराने जीभ पुसली आणि मोठ्या आवाजात बोलली.

"म्हनते," लालसूने सांगितलं, "मी तुमची घान प्यायली. मेली नाई. आता मी देतो ते तू खाय. तू नाई मेली तर माया नातवाले सुई टोच."

सत्यशीला म्हणाली, "आना."

पळसाच्या पानाच्या द्रोणात लाल चटणी आली. झाडावरच्या लाल मुंगळ्यांची, अंड्यांसकट वाटलेली. दोन-तीन मुंगळे वाटणातून सुटले होते आणि द्रोणाच्या काठाने निघून जाण्याच्या बेतात होते. सत्यशीला वैनगंगेच्या काठची. तिने झिंगे खाल्ले होते, खेकडे खाल्ले होते, पण पळून जाणारं जेवण तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने चिमूटभर उचललं आणि तोंडात घातलं. आधी आंबट लागलं, मग तिखट, मग एका मुंगळ्याने शेवटचा सूड म्हणून तिच्या जिभेला चावा घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने गिळलं.

"कसं हाये?" लालसूने विचारलं.

"झणझणीत हाये," ती जीभ सांभाळत म्हणाली. "लेकरू आना."

बुधरीने शब्द पाळला. तीन वर्षांचा नातू आणला, त्याला सुई टोचली, तो किंचाळला आणि दोन मिनिटांनी कोंबड्यामागे पळाला. कुडांची दारं करकरली. दोन बाया बाहेर आल्या, दोघींच्या काखेला लेकरं आणि हातात द्रोण.

"आता काय?" सत्यशीलाने विचारलं.

"एका सुईले एक घास," लालसू म्हणाला. "तसंच ठरलं ना जी?"

तसं काही ठरलं नव्हतं. पण दारं उघडली होती, आणि ती पुन्हा लावून घेण्याइतकी सत्यशीला खुळी नव्हती.

दुसरा घास आंबवून वाळवलेल्या बांबूच्या कोंबांचा होता. त्याचा वास तोंडात जायच्या आधी डोळ्यांत गेला. तिसऱ्या बाईने साधी तांदळाची पेज आणली. सत्यशीलाला हायसं वाटलं, पण बुधरी मध्ये पडली.

"हिल्ले!" तिने हात हलवला. हा नकार कळायला लालसूची गरज पडली नाही. मागचं मात्र त्याने सांगितलं. "म्हनते, पेज कोनीही खाते. त्याले हिंमत लागत नाई. मले त्या वासराच्या दुधाचा पेला प्यावा लागला, मंग हिले पेज काऊन?"

त्या बाईला बिचारीला ओशाळल्यासारखं झालं. ती लगबगीने घरात गेली आणि चुलीवर भाजलेला शेतातला उंदीर घेऊन आली. आता प्रत्येक घरात हीच शोधाशोध सुरू झाली. पाहुणीला साधं काही देणं म्हणजे आपल्या लेकराची किंमत कमी करणं, असं सगळ्या आयांनी मनावर घेतलं. चौथी कडू कंदाच्या चकत्या घेऊन आली, पाचवी कसल्याशा रानभाजीचा काळा गोळा. सहाव्या द्रोणात काय आहे ते लालसूनेही सांगितलं नाही. "इचारू नोका जी," एवढंच म्हणाला.

सत्यशीला एक घास गिळे, हात साबणाने धुई, एक सुई टोची. वहीत नाव लिहायचं काम गुणवंतरावांकडे होतं. ते दर घासाला थोडे मागे सरकत होते. नववं लेकरू होईपर्यंत ते मांडवाच्या खांबाला टेकले.

नऊ झाली तेव्हा सत्यशीलाच्या पोटाने हात टेकले. तिने डब्याचं झाकण उघडून पाहिलं. बर्फाचे तुकडे सुपारीएवढे उरले होते. यादीत अजून अकरा लेकरं होती.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "आता तुमी."

"मले आज उपास हाये."

"सकाळी तुमी सुकट-भाकर खाल्ली."

"तो उपास त्याच्यानंतर सुरू झाला."

पण बुधरीचं त्यांच्याकडे मघापासून लक्ष होतं. लालसूने सांगितलं, "म्हनते, हा मानूस काही खात नाई, काही टोचत नाई, नुसता लिहिते. असा मानूस काय लिहीत असन त्याचा भरवसा नाई. त्याच्या तोंडाले काम द्या."

दहावी आई पुढे झाली. तिच्या द्रोणात शिंदीच्या खोडातल्या अळ्या होत्या, अंगठ्याएवढ्या जाड, निखाऱ्यावर भाजलेल्या. गुणवंतरावांनी एकवार वाटेकडे पाहिलं. सात किलोमीटर होते. मग सत्यशीलाकडे पाहिलं. ती एक हात पोटावर आणि एक हात लसीच्या डब्यावर ठेवून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्यांनी द्रोण घेतला. डोळे घट्ट मिटून, मनातल्या मनात घरच्यांचा निरोप घेऊन त्यांनी एक अळी तोंडात टाकली.

सगळं गाव थांबलं. गुणवंतरावांचा जबडा एकदा हलला. दुसऱ्यांदा हलला. त्यांनी एक डोळा उघडला.

"भाजलेल्या भुईमुंगावानी लागते जी," ते म्हणाले, आणि दुसरी उचलली.

दहाव्या लेकराला टोचेपर्यंत सत्यशीलाला मागे वळून पाहायला सवड नव्हती. वळली तेव्हा द्रोण रिकामा होता आणि गुणवंतराव बोटं पुसत होते. सकाळच्या सुकटीनंतर त्यांना खरोखरच भूक लागली असावी. द्रोणाची मालकीण मात्र कपाळाला हात लावून ओरडत होती, आणि बाकीच्या बायाही गलका करत होत्या.

"काय झालं?"

"भाऊनं बारा खाल्ल्या जी," लालसू म्हणाला. "एकाच लेकराचे बारा घास. हे म्हनते, असं कुठी ठरलं होतं?"

गुणवंतरावांचा चेहरा पडला. "मी भरून देतो... म्हनजे, अळ्या कुठी भेटतेत ते सांगा..."

पण सत्यशीला उठून उभी राहिली होती. 

"लालसूभाऊ, बाईले सांगा. एका सुईले एक घास, हे तुमचंच बोलनं ना? भाऊनं बारा घास खाल्ले. एकाची सुई झाली. अकरा सुया बाकी हायेत. उरलेली समदी लेकरं आना, लौकर. बर्फ चालला."

लालसूने ते सांगितलं. बायांचा गलका थांबला. बुधरीने बोटांवर हिशेब केला, पुन्हा एकदा केला. त्यात खोट सापडेना. तिने गुणवंतरावांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांनी तिचा बैल जिंकून नेला होता. मग तिने हाक दिली, आणि लेकरं येऊ लागली.

अकरा, बारा, तेरा. सत्यशीलाचा हात आता थांबत नव्हता. अठरा, एकोणीस. यादीतलं शेवटचं नाव सोमरीच्या मुलीचं होतं. गोवराने गेलेल्या तिघांमधला एक तिचा मुलगा होता. ती आपल्या दारात उभी होती, आत जात नव्हती आणि बाहेर येत नव्हती. सत्यशीलाने तिला बोलावलं नाही. सुई उकळत ठेवली आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने सोमरी आली. घासाचा हिशेब केव्हाच फिटला होता, तरी तिने मुठीतली मोहाची वाळलेली फुलं सत्यशीलाच्या ओंजळीत टाकली. गोड, साधी फुलं, कोणीही खाऊ शकेल अशी. या वेळी बुधरी काही बोलली नाही. सत्यशीलाने ती फुलं एकेक करून खाल्ली आणि मग मुलीचा दंड हातात धरला.

वीस झाली. डब्यात नुसतं थंड पाणी राहिलं होतं. सत्यशीलाने सामान आवरायला घेतलं, तर बुधरीने तिचा हात धरला आणि एक बोट वर केलं.

"म्हनते, बारा घास, एक न् दहा अकराच सुया झाल्या," लालसू म्हणाला. "एक बाकी हाये."

"पण लेकरं सरली ना."

"म्हनते, आमी कोनाचं फुकट घेत नाई आन् देत नाई. एक सुई टोचाच लागते."

बुधरीचं बोट हळूहळू फिरलं आणि गुणवंतरावांवर येऊन थांबलं.

"मले?" गुणवंतराव दोन पावलं मागे झाले. "मी त... मी आरोग्य खात्यातला मानूस हाव जी!"

"भाऊ, धनुर्वाताची एक मात्रा हाये माह्यापाशी," सत्यशीला म्हणाली. "तुमाले काही होत नाई. उलट बरंच हाये."

"तुमाले मालूम नाई," गुणवंतराव कुजबुजले.  "तीस वर्षात मी कधी सुईकडे पाह्यलं नाई. मी म्हनूनच वही घेत असतो."

पण मागे कुड होता आणि पुढे सगळं कोहकाटोला. लेकरं दंड चोळत, डोळे पुसत गोल करून उभी राहिली होती. गुणवंतरावांनी बाही वर केली, तोंड फिरवलं आणि लालसूचा हात घट्ट धरला. सुई टोचली तेव्हा ते असे किंचाळले की बुधरीचा नातू खदखदून हसला. मग सोमरी हसली, आणि मग हसण्याला काही धरबंदच राहिला नाही. वहीत एकविसावं नाव गुणवंतरावांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. वय: छप्पन्न.

एटापल्लीला परतल्यावर सत्यशीला दोन दिवस नुसत्या ताकावर होती. पण वीसच्या वीस नावं लागली हे पाहून डॉक्टरांनी तिला पलीकडच्या गावाचंही काम दिलं. नदीपल्याडचं पेरमटोला, जिथे आजवर कोणीच कोणाला टोचू शकलं नव्हतं. लालसूची बहीण त्या गावात दिली होती, म्हणून तो सोबत आला. सत्यशीलाने मनाशी ठरवलं होतं, काहीही झालं तरी या वेळी दुधाची पावडर काढायची नाही, घासाची गोष्ट निघू द्यायची नाही, फक्त समजावून सांगायचं.

पण त्याची गरजच पडली नाही. नदी ओलांडून वर चढतात तोच गावाच्या तोंडाशी बायांची रांग दिसली. प्रत्येकीच्या काखेला लेकरू होतं, बाही आधीच वर केलेली. आणि प्रत्येकीच्या हातात पळसाचा भरलेला द्रोण होता.

"हे काय लालसूभाऊ? यायले कोनं सांगितलं?"

लालसू पुढे जाऊन बोलून आला. परत आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं.

"कोहकाटोल्याहून बातमी आली म्हनतेत जी. तुमच्या गावात मुंगळे भेटत नाई, अळ्या भेटत नाई, खायाप्याचे लय हाल हायेत. सरकार काही देत नाई, म्हनून बिचारी बाई सुईचं निमित्त करते आन् गावोगाव पोट भरत फिरते."

रांगेतली सगळ्यात पुढची म्हातारी सत्यशीलाजवळ आली. तिने सत्यशीलाच्या गालावरून हात फिरवला, हाडं चाचपून पाहिली, आणि डोळ्यांत पाणी आणून काहीतरी म्हणाली.

"काय म्हनते?"

"म्हनते, घाई करू नको पोरी," लालसू म्हणाला. "आमच्या गावात लेकरं भरपूर हायेत. पोटभर जेव."